किरणोपचारातला खाडा कोण मोजणार?



ऑक्सिजन न मिळणाऱ्या कॅन्सरपेशींवरही किरणांचा परिणाम वाढवणाऱ्या ‘नव्या’ औषधाची बातमी या आठवड्यात सगळीकडे फिरली. यात नवे काय? अशा पेशी मारायला किरणांची मात्रा अडीच ते तीन पट लागते, हे १९५०च्या दशकापासून ठाऊक आहे. ऑक्सिजनचे काम करणारे निमोराझोल डेन्मार्कमध्ये कित्येक वर्षे वापरात आहे. तिथल्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घशाची गाठ आटोक्यात राहण्याचे प्रमाण ३३ वरून ४९ टक्क्यांवर गेले. जुलाबावर आपण घेतो त्या मेट्रोनिडाझोलचेच हे भावंड. पुढे ब्रिटनमध्ये केमो न झेपणाऱ्या रुग्णांना मात्र निमोराझोलचा फायदा दिसला नाही. हे बातमीत कुठेच नव्हते.

शिवाय निमोराझोलची गोळी किरणे घेण्याआधी सुमारे दीड तास घ्यायची असते. रुग्ण यंत्राखाली पोचलाच नाही, तर त्या दिवशी ती खाऊन उपयोग नाही. आणि खरे दुखणे तेच आहे. तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला की गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते. एका दिवसाला एक टक्का! आमच्या गावच्या एका काकांचे आधी यंत्र बंद पडले म्हणून दिवस गेले, मग सोयाबीनच्या सोंगणीत गेले. कुणी एका शब्दाने बजावले नाही.

वाशीमच्या माणसाला किरणांसाठी अकोला किंवा नागपूर गाठावे लागते, तेही सहा-सात आठवडे. सरकारी योजनेतून उपचार होतात, पण खोलीचे भाडे आणि बुडालेली मजुरी त्याच्याच अंगावर. मग खाडा पडणार नाही तर काय?

वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तिथे किरणोपचाराचे यंत्र कधी येणार, ते लोकप्रतिनिधींनी तारखेसह सांगावे. तोवर रुग्ण आणि सोबतच्या नातेवाइकाला राहायची सोय द्या, आणि कुणाचे किती दिवस चुकले याची नोंद जिल्हा रुग्णालयात ठेवा.



— एक वाचक, मानोरा (जि. वाशीम)