बसायला स्टूल द्या, मग मनाचं विचारा

मी केशवसुतांच्या गावची. मालगुंडची. गणपतीपुळ्याला आलेले लोक इथं गाडी थांबवून कवीचं घर बघतात, फोटो काढतात, जातात. बौद्धवाडीकडं कुणी वळत नाही. तिथं स्मारक नाही, माणसं आहेत.

मी नर्स आहे. शिकले, मुंबईला आले, बारा वर्षं वॉर्डात उभी आहे. 'उभी' हा शब्द मुद्दाम लिहिलाय. आमच्या वॉर्डात सिस्टरला बसायला एकच स्टूल, त्याचाही एक पाय चिकटपट्टीनं बांधलेला.

मागं मे महिन्यात रजेवर घरी गेले होते. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "बाय, तू झोपंत कुनाशी बोलतेस गो? रातभर आपलं 'थांबा, आले, आले' चालू." आई जन्मभर दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राबली. तिचं अंग दुखतं, पण तिला झोप लागते. माझं अंग धड, आणि झोप गेलेली.

आमच्यातल्या पाच-सहाजणींनी झोपेचं, रडू येण्याचं वर सांगितलं. वरच्यांनी काय करावं? ताणमुक्तीचं शिबिर घेतलं. एका बाईंनी तासभर डोळे मिटून श्वास मोजायला लावला. नाईट करून आलेल्या अर्ध्याजणी तिथंच झोपल्या. बाई म्हणाल्या, बघा, किती शांत वाटतंय! मग एक फॉर्म भरून घेतला. 'आपण आपल्या कामात समाधानी आहात का?' हो किंवा नाही, खूण करा.

मित्रांनो, माझा राग ह्या फॉर्मवर आहे. ह्या प्रश्नात सगळा दोष माझ्या डोक्यात आहे असं आधीच धरलंय. मी म्हणते, माझं डोकं नंतर तपासा. आधी वॉर्ड तपासा. बुद्ध नुसतं दुःख आहे एवढं सांगून थांबला नाही, दुःखाला कारण आहे असं म्हणाला. शिबिरवाल्यांनी त्याचा श्वास तेवढा उचलला आणि कारण गिळून टाकलं.

कारण मोजता येतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं माप आहे: शिकाऊ डॉक्टर असलेल्या हॉस्पिटलात 3 रुग्णांमागं एक नर्स, साध्या रुग्णालयात 5 रुग्णांमागं एक. आमच्याकडं नाईटला दोघीजणी, आणि खाटा भरून जमिनीवर गाद्या. अमेरिकेत लिंडा एकेन नावाच्या बाईनं पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा हिशेब 2002 साली मांडला. एका नर्समागं एक रुग्ण वाढला की ऑपरेशन झालेल्या रुग्णाचा मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. नर्स आतून जळून जाण्याची शक्यता 23 टक्क्यांनी, कामावर नाराज होण्याची 15 टक्क्यांनी. म्हणजे माझी उडालेली झोप आणि तुमच्या आईचा जीव एकाच दोरीला बांधलेला आहे. हे नर्सबाईचं खाजगी रडगाणं नाही.

आता परळची गोष्ट. केईएमची अरुणा शानबाग. 27 नोव्हेंबर 1973. ड्युटी संपवून ती कपडे बदलायला गेली. कुठं? तळघरात. तिथं तिच्यावर हल्ला झाला, कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला गेला. पुढं 42 वर्षं ती खाटेवर होती. 18 मे 2015 ला गेली.

1948 च्या कारखाना कायद्यात लिहिलेलं होतं की 150 हून जास्त कामगार असतील तिथं विश्रांतीची खोली हवी. परळ-लालबागच्या गिरणीत हा कायदा निदान कागदावर तरी होता. शेजारच्या हॉस्पिटलातल्या नर्सला मात्र तळघर. का? तर तिचं काम म्हणजे 'सेवा'. सेवा करणाऱ्या बाईला पाय दुखत नाहीत, लघवी लागत नाही, भीती वाटत नाही!

हल्ला करणारा सफाई कामगार होता. आपल्याच दुनियेतला. मी हे लपवत नाही, तुम्हीही लपवू नका. पुरुषाचा गुन्हा त्याची जात बघून माफ करायचा नाही. आणि एका माणसाच्या गुन्ह्यापायी झाडू मारणारी सगळी वस्ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करायची नाही. त्याला शिक्षा झाली सात वर्षांची, चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल. बलात्काराचं कलमच लागलं नाही. आणि अंधाऱ्या तळघराला कुठलं कलम लागलं? तेव्हा मुंबईच्या नर्सेस संपावर गेल्या, सुरक्षितता मागितली. पुढं त्यांनीच पिढ्यान् पिढ्या अरुणाला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. 2011 साली सुप्रीम कोर्टानं त्या सेवेची तोंडभरून स्तुती केली. स्तुतीनं स्टूल येत नाही.

पुढं चला. 9 जानेवारी 2021, भंडारा जिल्हा रुग्णालय. नवजात बाळांच्या कक्षात आग, 10 बाळं गेली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या सिव्हिलमध्ये कोविडच्या आयसीयूला आग. भंडाऱ्यात दोन नर्सेसवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा. नगरला एक डॉक्टर आणि तीन नर्सेस अटकेत. कुणाची चूक झाली असेल तर चौकशी होऊ द्या, माझं म्हणणं नाही. पण भिंतीतली वायर नर्स ओढते काय? आग विझवायच्या यंत्रणेचं टेंडर मेट्रन काढते काय? जागा त्यांची, पैसा त्यांचा, आणि बेड्या मात्र रात्रपाळीच्या बाईला. असं बघितल्यावर माझ्यासारखी नाईटला जाताना प्लगपॉइंटकडं बघत बघत जाते. ह्याला डॉक्टर चिंतारोग म्हणतील. मी अक्कल म्हणते.

आणि जात. आमच्या ड्युटीरूममध्ये डबे एकत्र उघडतात, माझ्या डब्यातलं मात्र सगळ्यांचं पोट भरल्यावरच उरतं. बॉडी बांधायची असली की हाक मलाच. एकदा एक सीनिअर हसत म्हणाली, "तुला वासाचं काही वाटत नाही ना? सवय असते तुमच्यात." हसतच म्हणाली. त्या हसण्याची तक्रार कुठल्या रजिस्टरात लिहायची? 22 मे 2019 ला नायर हॉस्पिटलात डॉक्टर पायल तडवीनं जीव दिला. आदिवासी पोरगी, शिकून डॉक्टर झालेली. जातीवरून छळल्याच्या आरोपाखाली तीन सीनिअर डॉक्टरांना अटक झाली. डॉक्टर झालेलीची ही गत, तर सिस्टरची काय आणि मावशीची काय?

आपलेच काही दोस्त मला सांगतात, "पर्मनंट आहेस, पगार आहे, वाडीतली पहिली नर्स तू. तू कशाला रडतेस?" दोस्तांनो, नोकरी मिळाली म्हणजे लढाई संपली, ही प्रस्थापितांची शिकवण तुमच्या तोंडी कधीपासून आली? राखीव जागेतून दार उघडलं. आतली खोली कशी आहे हे विचारायला कुणी फिरकलंच नाही. आणि पर्मनंट किती उरल्यात? मे 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या त्या ठेकेदाराकडून भरती नको म्हणून. ठेक्यातल्या बाईला तर नाराज व्हायचीही चोरी. तिनं फॉर्मवर 'नाही' अशी खूण केली तर पुढच्या महिन्यात तिचं नाव नाही.

म्हणून मागण्या साध्या लिहिते. मापाप्रमाणं नर्सेस. कडी लागणारी, दिवा असलेली कपडे बदलायची खोली. पाणी येणारा संडास. चार पायांची खुर्ची. बॉडी बांधायची पाळी सगळ्यांना, आडनाव न बघता. आणि आग लागली तर पहिला जबाब वायरिंगची बिलं पास करणाऱ्याचा. एवढं करा, मग शिबिर घ्या. मी स्वतः सतरंजी घालीन.

आमच्या मालगुंडच्या कवीनं अंत्यजाच्या मुलाच्या पहिल्या प्रश्नावर कविता लिहिली. मुलानं विचारलं, मोठेपण कवीला मिळालं. आता त्याच गावची मुलगी विचारतेय, आणि तिला कविता नको. चळवळीच्या पोरांनो, पुढच्या मोर्चाच्या पत्रकात ह्या सहा मागण्या छापा. मी त्या फॉर्मवर खूण केलेली नाही. तो अजून माझ्या पर्समध्ये आहे, कोराच.