कॅमेरा घ्या, पण हात मोकळे ठेवा

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकर मंडळींच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: ॲक्शन कॅमेरा कुठला घ्यावा? मग गोप्रो, डीजेआय, इन्स्टा३६० अशी नावं पुढे येतात आणि चर्चा पिक्सेलवर जाऊन अडते. माझं म्हणणं एवढंच, की पिक्सेल सगळ्यात शेवटी बघा. डोंगरात जो कॅमेरा तुमचे दोन्ही हात मोकळे ठेवतो आणि नजर वाटेवरून हटू देत नाही, तोच तुमच्या कामाचा.

हरिहर गडाच्या कातळपायऱ्यांना हात रोवायला खोबण्या कोरल्या आहेत, त्या काही शोभेसाठी नाहीत. तिथे एका हातात सेल्फी स्टिक घेऊन चढणारा माणूस स्वतःबरोबर खालच्यालाही धोक्यात घालतो. म्हणून पहिला सवाल असा, की कॅमेरा अंगावर बसणार कुठे? डोक्याच्या पट्ट्यावर लावला तर मान वळेल तसं चित्र गरगरतं. छातीवरचा पठारावर ठीक. चढाला वाकलात की पडद्यावर आपलेच गुडघे दिसतात आणि कॅमेरा कातळावर घासतो. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर बसणारी क्लिप सगळ्यात सोयीची. बरेचसे कॅमेरे दीडशे ग्रॅमच्या आसपास असतात, इन्स्टा३६० गो ३ तर अवघा ३५ ग्रॅमचा. क्लिप चुंबकाची असली तर जोडीला बारीक दोरी बांधाच. दरीत पडलेल्या कॅमेऱ्यामागे उतरायची बुद्धी कुणाला होऊ नये.

आता पाऊस. गोप्रो हीरो १२ वेगळ्या कवचाशिवाय १० मीटर, तर डीजेआयचा ओस्मो ॲक्शन ४ तसाच १८ मीटर खोल पाण्यात चालतो. पण हा हिशोब बॅटरीचं झाकण घट्ट बसलं असेल तरच. झाकणाच्या रबरात वाळूचा कण किंवा केस अडकला तरी पाणी शिरतं. पॉवर बँक जोडायला बहुतेक कॅमेऱ्यांचं झाकण उघडावं लागतं, त्यामुळे भर पावसात चार्जिंगचा विचारही नको. ओल्या बोटांनी टचस्क्रीन धड चालत नाही, म्हणून एक बटण दाबताच रेकॉर्डिंग सुरू होणारा कॅमेरा निवडा. काचेवरचे थेंब टिपायला मऊ सुती रुमाल कोरड्या पिशवीत ठेवा.

ढगाळ दिवशी, गर्द झाडीत स्वस्त कॅमेऱ्याचं पितळ उघडं पडतं. उजेड कमी झाला की चालण्याचे हादरे सावरताना चित्र फरफटतं. इथे पिक्सेलपेक्षा सेन्सरचा आकार कामाला येतो. तो मोठा, तितकं अंधारातलं चित्र स्वच्छ. मुक्कामाच्या गावात दिव्याखाली शूटिंग करणार असाल तर फ्रेमचा वेग २५ किंवा ५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे; ३० किंवा ६० ठेवलात तर दिवे लुकलुकताना दिसू शकतात.

बॅटरी साधारण तास-दीड तास टिकेल असं धरून चाला आणि एक जादा जवळ ठेवा. कॅमेरा अखंड चालू ठेवू नका. सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्डिंग केलं तर तासाभरात ४५ जीबी भरतात, आणि ते घरी बसून बघायला कुणालाच वेळ नसतो. लहान लहान तुकडे घ्या. कार्ड व्ही३० दर्जाचं आणि खात्रीच्या दुकानातलं असू द्या, कारण बाजारात नकली कार्डांचा सुळसुळाट आहे.

खरेदीआधी शक्य असेल तर एखाद्या ट्रेकपुरता कॅमेरा भाड्याने आणून बघा. नाहीतर दुकानातच हातात घेऊन, दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दहा पावलं चाला आणि ते चित्रण मोठ्या पडद्यावर बघा. काही स्वस्त मॉडेलांत ४के लावलं की हादरे सावरण्याची सोय बंद पडते, तेही तिथेच तपासा. वॉरंटी भारतात चालेल का, हे बिलावर लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. या कॅमेऱ्यांची भिंगं रुंद नजरेची असतात. शंभर फुटांवरचा गवा त्यात मुंगीएवढा दिसतो. मग पुढे सरकण्याचा मोह होतो, कुणीतरी हाकारा घालतो, कुणी माकडांसमोर बिस्किटं टाकतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत वन्यप्राण्याला मारणं जसं येतं, तसं हाकणं आणि आमिष दाखवणंही येतं. हातात बंदूक नव्हती, नुसता कॅमेरा होता, ही सबब तिथे चालायची नाही. वासोट्यासारखे गड अभयारण्यात आहेत. तिथे वनखात्याची परवानगी घेऊन जा आणि त्यांचे नियम पाळा. प्राणी टिपायची हौस असेल तर झूमचा वेगळा कॅमेरा घ्या आणि लांबूनच टिपा.

तेव्हा मंडळी, यंदा कॅमेरा जरूर घ्या. पण निघण्याआधी ग्रुपमध्ये ठरवून टाका: कड्याच्या टोकावर, धबधब्याच्या माथ्यावर आणि जनावर समोर आल्यावर चित्रीकरणासाठी कुणीही पुढे सरकायचं नाही. म्होरक्याने हा नियम आधी स्वतः पाळावा, म्हणजे बाकीचे आपोआप पाळतील.