पदकाआधी काडतूस

पन्नास मीटरच्या रायफल नेमबाजीत दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे असते. टपोऱ्या काबुली चण्याएवढे. मधल्या वर्तुळापासून बाहेरच्या वर्तुळात जायला फक्त 8 मिलिमीटर पुरतात, आणि तिथे एक गुण जातो. हा एक गुण किती महाग पडतो, ते 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पात्रता फेरीत 590 गुणांवर सातवा आला आणि अंतिम फेरीत पोहोचला. भारताचाच ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर 589 वर अडला आणि अकरावा ठरला. पुढे 1 ऑगस्टला स्वप्नीलने 451.4 गुणांनी कांस्यपदक जिंकले. शिक्षक असलेल्या वडिलांनी त्याच्या काडतुसांसाठी कर्ज काढले होते, ही गोष्ट महाराष्ट्राला त्यानंतर कळली. ती पदकाआधी कळायला हवी होती.

नेमबाजीत रायफल एकदा घेतली की वर्षानुवर्षे चालते. काडतूस मात्र रोज संपते, आणि ते ‘कुठलेही’ चालत नाही.

पन्नास मीटरला लागणारे पॉइंट टू-टूचे काडतूस करंगळीच्या दोन पेरांहून लांब नसते. शिशाच्या गोळीवर मेणाचा पातळ थर, बोटाला चिकट लागणारा. गोळीचे वजन सुमारे 2.6 ग्रॅम. स्पर्धेची काडतुसे मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा थोडी हळू ठेवतात, कारण ती वेगमर्यादा ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळते. खरी मेख त्याच्याही पुढे आहे. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे काडतूस असले तरी प्रत्येक लॉट, म्हणजे एका वेळी बनलेली खेप, वेगळा निघतो, आणि प्रत्येक नळीची आवडही वेगळी. म्हणून रायफल शिकंज्यात घट्ट बसवतात आणि एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडून बघतात. जुळणाऱ्या लॉटच्या दहा गोळ्या मिळून कागदाला जवळपास एकच भोक पाडतात. न जुळणाऱ्या लॉटच्या गोळ्या त्याच नळीतून, त्याच हवेत विखुरतात. अशा वेळी पोराचा श्वास चुकला की लॉट चुकला, हे प्रशिक्षकालाही सांगता येत नाही.

मोठे काडतूस म्हणजे लांबचा अचूक नेम, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. तो चूक आहे. 300 मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 8 मिलिमीटरपर्यंतची रायफल नियमात बसते, तरी नामवंत नेमबाज 6 मिलिमीटरची पसंत करतात. लांबट, निमुळती गोळी वाऱ्याला कमी बधते, आणि धक्का हलका असल्याने साठाव्या फैरीलाही खांदा ताजा राहतो.

साहित्य जुळणे किती महत्त्वाचे, हे बुलढाण्याला समजावून सांगायला लांब जावे लागू नये. इथला प्रथमेश जावकर मे 2023 मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात माईक श्लोसरसारख्या दिग्गजाला 149-148 ने हरवून आला. त्याचेही अंतर पन्नास मीटरच. धनुष्याच्या ताणाला बाणाची लवचीकता जुळली नाही, तर हात कितीही स्थिर असो, बाण भरकटतो. तिरंदाजाचा बाण आणि नेमबाजाचे काडतूस यांचे दुखणे एकच आहे: खेळाडूची निवड होते, साहित्याची होत नाही. जे मिळेल ते वापरा, असे सांगितले जाते. दहा मीटरच्या एअर रायफलवर सुरुवात करणाऱ्या मुलींनाही 4.5 मिलिमीटरचे छर्रे आपल्या नळीला जुळवून बघायची संधी मिळाली पाहिजे. तो हट्ट नाही, खेळाचा भाग आहे.

मलकापूरहून भुसावळकडे निघाले की मुक्ताईनगरनंतर वरणगाव लागते. तिथल्या आयुध निर्माणीत सैन्यासाठी काडतुसे बनतात. पुण्याच्या खडकीतला दारूगोळा कारखाना तर 1869 पासूनचा. दोन्ही आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत. तरीही आपले अव्वल नेमबाज इंग्लंडच्या एली कंपनीकडे आणि जर्मनीत बनणाऱ्या लापुआ, आरडब्ल्यूएसकडे बघतात. ज्या राज्याने अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे दिले, त्याच राज्यात स्पर्धेच्या दर्जाचे काडतूस घडावे, ही मागणी अवाजवी नाही. सैन्याच्या काडतुसापेक्षा हे काम नाजूक आहे, वेळ लागेल. तोवर बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर सगळ्या जिल्ह्यांच्या नेमबाजांसाठी ठरलेल्या तारखांना लॉट-चाचणी व्हावी आणि जुळलेला लॉट शासनाने एकत्र खरेदी करावा.

स्वप्नीलला पदकानंतर राज्य सरकारने एक कोटी रुपये जाहीर केले. ते त्याच्या हक्काचेच. पण बक्षीस जिंकलेल्याला मिळते. काडतूस लागते ते अजून न जिंकलेल्याला. बुलढाण्याच्या जिल्हा नियोजन समितीने क्रीडा निधीत बाण, छर्रे आणि काडतुसे यांसाठी स्वतंत्र तरतूद यंदाच करावी.