घाटकोपर म्हणजे कोणते घाटकोपर?

घरांच्या जाहिराती वाचल्या तर घाटकोपर म्हणजे गारोडिया नगर, टिळक रोड, महात्मा गांधी रोड आणि मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांवरचे मनोरे. फरसाणाची दुकाने, सोन्याच्या पेढ्या, जैन देरासरे. हेही घाटकोपर खरेच आहे, ते कोणी नाकारीत नाही. १९५० साली मुंबई महापालिकेत सामील होण्यापूर्वीपासून इथे व्यापाऱ्यांची वस्ती होती. पण या जाहिरातींत पूर्व द्रुतगती महामार्गालगतची आपली वस्ती कधी दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये महामार्गाच्या कडेची झाडे गुलाबी फुलांनी भरून जातात, तेव्हा वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार येतात. फोटो फुलांचा निघतो, त्यामागचे पत्रे मात्र चौकटीबाहेर राहतात.

हे पत्रे म्हणजे माता रमाबाई आंबेडकर नगर आणि शेजारचे कामराज नगर.

मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेला समाज इथे चिखल बुजवून राहिला. दहा बाय बाराची खोली, वर लोखंडी शिडीचा पोटमाळा, दारात पाण्याचे पिंप. पुरुष नाक्यावर, सफाई खात्यात किंवा कारखान्यात, बाया पंतनगर-गारोडिया नगरच्या घरांत धुण्याभांड्याला. आजारी पडले की राजावाडी हॉस्पिटल. त्या बंगल्या-इमारतींचा दिवस आपल्या आयाबहिणी पोहोचल्यावर सुरू होतो, हे तिथले लोकही जाणतात, फक्त बोलत नाहीत. गल्ली इतकी अरुंद की एका घरातले भांडण चार घरे ऐकतात, आणि रात्री कुणाचे पोर तापाने फणफणले तर तीच चार घरे धावून येतात. बुद्धविहारात संध्याकाळी वंदना होते, परीक्षेच्या दिवसांत त्याच सतरंजीवर मुले अभ्यास करतात. गरिबीचे कौतुक करण्याची आमची इच्छा नाही. सार्वजनिक संडासाच्या रांगेत तांब्या घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलीला विचारा, ती सांगेल. घर पक्के हवे, नळ आणि मोरी घरात हवी. यात दुमत नाही.

या नगराचे नाव महाराष्ट्राला कळले ते ११ जुलै १९९७ रोजी. रात्रीत बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला, सकाळी लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा जण मारले गेले. गॅसचे टँकर पेटवले जात होते म्हणून गोळ्या झाडल्या, असे सांगण्यात आले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते मान्य केले नाही. चारच दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने शिक्षा दिली ती २००९ साली. बारा वर्षे! त्या दिवशी पाळण्यात असलेली पोरे तोवर सातवीत गेली होती.

तरीही नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना आपली काही मुले 'पंतनगरजवळ' असे लिहितात. त्यांना दोष देऊन भागणार नाही. मुलाखतीत पत्ता वाचून समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे त्यांनी पाहिलेले असते. पण रमाईचे नाव लपवावे लागते, हा कलंक आपल्यावर नाही, चेहरा बदलणाऱ्यावर आहे. पूर्ण पत्ता लिहा, पोरांनो.

आता नगराचा पुनर्विकास आला आहे. पूर्व मुक्त मार्ग छेडा नगरपासून ठाण्याकडे वाढवायचा आहे, तो येथूनच जातो. एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांनी मिळून ही योजना हाती घेतली आहे. ३०० चौरस फुटांचे घर मिळणार म्हणून आनंद आहे, आणि तो असावा. पण आम्ही कारकुनी करणारी माणसे. घर विटांवर उभे राहण्याआधी कागदावर उभे राहते, हे आम्हांला रोजच्या कामात दिसते.

सगळा खेळ 'परिशिष्ट दोन'चा आहे. त्या यादीत नावापुढे पात्र की अपात्र, एवढाच शब्द असतो. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर घर मोफत. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर अडीच लाख रुपये भरावे लागतात. मतदार यादीतील नाव, फोटोपास, लाईट बिल, रेशनकार्ड हे सगळे जुळले पाहिजे. आणि आपल्याकडे जुळत नाही ते नेमके नावच. रेशनकार्डावर 'भिमाबाई', मतदार यादीत 'भीमा', बँकेत माहेरचे आडनाव. बाप वारला, खोली त्याच्याच नावावर, तीन भावांत बोलणे नाही. पोटमाळ्यावर संसार थाटलेल्या धाकट्याला तर नियमात वेगळे घरच धरलेले नाही. त्याचे काय करायचे, हे भावाभावांनी आजच बसून ठरवावे. यादी लागल्यावर ठरवायला गेलात तर कोर्टाची पायरी चढावी लागेल.

बहिणींसाठी वेगळे सांगतो. पुनर्वसनातील घर पती-पत्नी दोघांच्या नावे मिळायचे असते. आपले नाव कागदावर आले की नाही, ते स्वतः जाऊन पाहा. 'ह्यांनी पाहिलंय' म्हणून सोडू नका. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कोणालाही देऊ नका, मग तो आपला कार्यकर्ता का असेना. भाड्याचा चेक घेताना करारनाम्याची प्रत मागा आणि शिकलेल्या मुलीकडून ती मोठ्याने वाचून घ्या. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.

आणखी एक गोष्ट रहिवाशांनी लेखी मागावी. पुतळा कुठे राहणार, दहा शहिदांचे स्मारक कुठे राहणार, विहाराला किती जागा, आणि नव्या इमारतींच्या फाटकावर नाव कोणते लागणार? 'होईल, करू' हे उत्तर घेऊन परत येऊ नये. नकाशावर खूण दाखवा म्हणावे, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.