चारित्र्याची पडताळणी की नोंदीची?

पोलीस ठाण्यातून मिळणाऱ्या एका कागदाला आपण ‘चारित्र्य पडताळणीचा दाखला’ म्हणतो. वास्तविक त्या कागदात चारित्र्य नावाचे काहीही नसते. अमुक नावाच्या इसमाविरुद्ध पोलीस अभिलेखात गुन्ह्याची नोंद आहे किंवा नाही, एवढेच त्यात असते. नोंद आणि चारित्र्य या दोन शब्दांतले अंतर कचेरीच्या मराठीने पुसून टाकले आणि आपण भाषेचे शिक्षक म्हणवणाऱ्यांनी ते निमूटपणे मान्य केले. आमचे भांडण प्रथम या शब्दाशी आहे, आणि मग या शब्दाच्या आडोशाने हवी ती माहिती मागणाऱ्या, साठवणाऱ्या आणि विसरून जाणाऱ्या आपल्या संस्थांशी आहे.

परभणी जिल्ह्यात हा दाखला कोणाला लागतो, ते पाहावे. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातला तरुण पुण्यात सुरक्षारक्षकाच्या नोकरीला निघाला, की २००५ च्या खाजगी सुरक्षा यंत्रणांच्या कायद्यानुसार त्याच्या पूर्ववृत्ताची खात्री करून घ्यावी लागते. शाळेतला शिपाई, वाहनचालक, सफाई कामगार यांनाही तो लागतो. मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची ठराविक काळाने पोलीस पडताळणी करावी, असे २०२० च्या पॉक्सो नियमांत आहे. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानेही त्याबाबत आदेश काढले. या पडताळणीला आमचा विरोध नाही. लहान मुलांच्या सुरक्षिततेची किंमत देऊन कोणाचे खाजगीपण जपावे, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे, की पडताळायचे काय, किती आणि कोणत्या मर्यादेत?

या प्रश्नाचे उत्तर कायद्याने बऱ्याच अंशी दिले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संस्थांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावीत, अशी त्यात योजना आहे. ही बंधने शाळेच्या लिपिकालाही समजतील इतकी साधी आहेत. माहिती कशासाठी हवी, ते आधी सांगावे. त्या कामाला लागेल तेवढीच मागावी. जिच्या आधारे एखाद्याविषयी निर्णय होणार, ती माहिती पूर्ण आणि अचूक असल्याची खबरदारी घ्यावी. ती सुरक्षित ठेवावी. काम संपले आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसेल, तर नष्ट करावी. संबंधिताला आपली माहिती पाहण्याचा आणि चुकीची दुरुस्त करून घेण्याचा हक्क द्यावा. पडताळणीचे काम बाहेरच्या यंत्रणेकडे सोपवले, तरी जबाबदारी सोपवणाऱ्याचीच राहते.

संमतीचा मुद्दा थोडा नाजूक आहे. नोकरीच्या कारणांसाठी काही माहिती संमतीवाचून वापरण्याची सवलत या कायद्याने मालकाला दिली आहे. परंतु उमेदवार अजून कर्मचारी झालेला नसतो, तेव्हा त्याच्या बाबतीत या सवलतीवर विसंबणे शहाणपणाचे नाही. संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट हेतूपुरती आणि समजून-उमजून दिलेली असावी लागते. त्यासाठीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. म्हणजे मराठीतही! इंग्रजी छापील अर्जाच्या तळाशी अंगठ्याएवढ्या जागेत घेतलेली सही या कसोटीला कशी उतरणार, ते मराठीच्या प्राध्यापकांनीच सांगावे.

अचूकतेची अट आपल्या भागात विशेष महत्त्वाची आहे. न्यायालयातील खटले आता संगणकावर पक्षकाराच्या नावाने शोधता येतात. पवार, काळे, भोसले, चव्हाण ही आडनावे मराठ्यांत आहेत, तशीच पारध्यांतही आहेत. नाव, बापाचे नाव आणि आडनाव तिन्ही जुळणारी माणसे एकाच तालुक्यात सापडतात. शिवाय देवनागरीतले नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिले जाते. केवळ नावाच्या जुळणीवरून एखाद्याला गुन्हेगार ठरवणे, हा पाठभेद न तपासता संहिता सिद्ध करण्यासारखा प्रकार आहे. नोंद दाखल झाली, पण पुढे निर्दोष सुटल्याची नोंद झालीच नाही, असेही होऊ शकते. निदान त्या माणसाला कागद दाखवून ‘हे तुझेच का?’ एवढे तरी विचारावे!

दोन गोष्टी तर जुन्याच आहेत, तरी विसरल्या जातात. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार निकाली निघालेल्या प्रकरणातील बालकाचा अभिलेख चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करण्यास पोलिसांना मनाई आहे. दुसरे, अवतार सिंग खटल्यात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की माहिती दडवली गेली तरी मालकाने गुन्ह्याचे स्वरूप, पदाचे स्वरूप आणि एकूण परिस्थिती पाहून निर्णय करावा. थोडक्यात, विवेकाला सुट्टी देण्याचा परवाना हा दाखला देत नाही.

आता या वादातली खरी बोच. जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचा कायदा १८७१ मध्ये इंग्रजांनी केला. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या मुलखात होता खरा. पण हा शिक्का राज्याच्या सरहद्दी मानत नव्हता. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. संशय मात्र गेला नाही. पोलिसांच्या नोंदवह्यांत विमुक्त जातींची माणसे जातीय पूर्वग्रहापोटी निवडून घातली जातात, या आरोपाची दखल घेऊन ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना प्रतिबंधक उपाय करण्यास सांगावे लागले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपण ती शिकवतो, त्यांवर प्रबंध लिहितो, चर्चासत्रे भरवतो. आणि त्याच महाविद्यालयाच्या कार्यालयात पहारेकऱ्याच्या अर्जावर, जागा आरक्षित असो वा नसो, जातीचा रकाना असतो. आधार कार्डाच्या छायाप्रती उघड्या फडताळात पडलेल्या असतात किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर फिरत असतात. वर्गात विद्रोह आणि कार्यालयात वहिवाट, असा हा आपला सोयीस्कर संसार आहे.

गंगाखेडची जनाबाई ही आपल्याच जिल्ह्यातली. विठ्ठलाचे पदक हरवले, ते तिच्याकडे सापडले आणि तिला सुळावर चढवायला नेले, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. दासीवर आळ लवकर बसतो, हे त्या कथेतले सत्य आजही टिकून आहे. वस्तू तिच्यापाशी आली कशी, हे तिचे म्हणणे कोणी खरे मानले नाही. पुढे सुळाचे पाणी झाले. पण आजच्या अर्जदाराने तशा चमत्काराची वाट पाहावी, असे आपण म्हणणार आहोत काय?

हा कायदा सर्व दुखण्यांवरचे औषध आहे, असा भ्रमही आम्ही बाळगत नाही. गुन्ह्यांच्या प्रतिबंधासाठी आणि तपासासाठी होणाऱ्या कामाला त्यात मोठी सूट आहे. निव्वळ कागदावर राहिलेल्या माहितीला तो लागू नाही. जात किंवा गुन्ह्याची नोंद यांना त्याने संवेदनशील माहितीचा वेगळा दर्जा दिलेला नाही. म्हणूनच कायदा ही किमान पायरी मानावी; मे २०२७ ची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. संस्थेच्या अर्जातला अनावश्यक रकाना खोडायला अधिसूचना लागत नाही. नाकारलेल्या उमेदवाराची कागदपत्रे परत करायला किंवा नष्ट करायला अनुदान लागत नाही. आणि ‘चारित्र्य पडताळणी’ऐवजी ‘पोलीस अभिलेख पडताळणी’ असे लिहायला तर केवळ भाषेची चाड लागते. ती आमच्या-तुमच्याकडे नसेल, तर मग ती कोणाकडे शोधायची?