बिघाड शोधायला शिकवा

एम.टेक.च्या नेटवर्किंगच्या पेपरात एक प्रश्न हमखास येतो : टीसीपी हा प्रोटोकॉल नेटवर्कवरची गर्दी कशी आवरतो, ते आकृतीसह स्पष्ट करा. विद्यार्थी करवतीच्या दात्यांसारखा आलेख काढतो, ‘स्लो स्टार्ट’ची व्याख्या लिहितो आणि गुण घेतो. हे उत्तर ज्या बिघाडातून जन्मले, तो मात्र त्याने कधी हाताळलेला नसतो. पदव्युत्तर शिक्षणाचे खरे दुखणे इथे आहे.

ऑक्टोबर १९८६मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांच्यातला दुवा अचानक मंदावला. दोन ठिकाणांत अंतर अवघे ४०० यार्ड. सेकंदाला ३२ किलोबिटांचा वेग ४० बिटांवर आला. तारा शाबूत होत्या, यंत्रे सुरू होती. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी पॅकेट केव्हा निघते, पोच केव्हा येते, हे मोजायला घेतले. पोच वेळेत आली नाही की संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवत होते आणि तुंबलेली वाट आणखी तुंबत होती. मग उपायही संगणकातच केला गेला : सुरुवात थोड्या पॅकेटांनी करायची, पोच येईल तसा वेग वाढवायचा, पॅकेट हरवले की हात आखडता घ्यायचा. बीएसडी युनिक्सचा सोर्स कोड त्यांच्या हाताशी होता, म्हणून तो बदलून पाहता आला. १९८८च्या त्यांच्या निबंधातले हे तत्त्व इंटरनेटला आजही तोलून धरते आहे.

अशी माणसे केवळ इतिहासातच आहेत असे नाही. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंते स्वतःच्या कामासाठी वेग मोजत होते. एसएसएचने दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांना खटकले. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढताना ‘एक्सझेड’ या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी लपवलेला चोरदरवाजा सापडला. लिनक्सच्या प्रमुख स्थिर आवृत्त्यांत शिरण्याआधीच तो बंद झाला. एका माणसाने क्षुल्लक वाटणारा विलंब सोडून दिला नाही, म्हणून जगभरचे सर्व्हर वाचले.

अर्धा सेकंद कुठे गेला, हे शोधता येणे म्हणजेच सिस्टिम्स आणि नेटवर्किंग येणे. त्यासाठी प्रोसेसर, कर्नल, लायब्ररी आणि नेटवर्क अशा सगळ्या थरांतून खाली उतरता यावे लागते. पदवीला हे थर वेगवेगळ्या विषयांत विखुरलेले असतात. ते एकत्र बांधण्यासाठीच पदव्युत्तर दोन वर्षे आहेत. अनेक महाविद्यालयांत ती जर्नल पूर्ण करण्यात, नेटवर्कवरची वाहतूक दाखवणाऱ्या वायरशार्कचे स्क्रीनशॉट चिकटवण्यात आणि सबमिशनच्या सह्या मिळवण्यात संपतात.

प्रबंधांची दिशाही चिंतेची आहे. नेटवर्क सुरक्षेचा विषय घेतला की ‘केडीडी कप ९९’ हा तयार डेटासंच किंवा त्याची सुधारित आवृत्ती डाउनलोड करायची, एक-दोन वर्गीकरणाची मॉडेले चालवायची आणि अचूकतेचे तक्ते मांडायचे, ही वाट रुळली आहे. मूळ संच १९९८ साली अमेरिकेत प्रयोगासाठी मुद्दाम निर्माण केलेल्या वाहतुकीवरून बनला. त्या काळी ना आजचे स्मार्टफोन होते, ना आजचे क्लाउड. त्यावर राबणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याच वसतिगृहाचे वायफाय रात्री का रखडते, हे सांगता येत नसेल, तर त्याची मेहनत आपण भलत्या ठिकाणी खर्च करवतो आहोत. मशीन लर्निंग शिकू नये, असे मुळीच नाही. पण त्या मोठमोठ्या मॉडेलांनाही हजारो प्रोसेसर एकमेकांशी जोडावे लागतात आणि ती जोडणी सिस्टिम्स जाणणाराच करतो.

आपल्याकडे प्रत्यक्ष काम करत शिकण्याची परंपरा नव्हती, असेही नाही. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्याच्या कितीतरी आधी, १९८६पासून ‘एर्नेट’ या शिक्षण-संशोधन संस्थांच्या नेटवर्कची उभारणी सुरू झाली होती. जुहूची एनसीएसटी ही संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी त्याच्या पहिल्या संस्थांपैकी. साध्या टेलिफोन लाइनला मोडेम जोडून या दोन ठिकाणांत ईमेलची देवाणघेवाण झाली. एनसीएसटीचे श्रीनिवासन रमणी आणि त्यांच्या पिढीने नेटवर्क आधी उभारले आणि उभारता उभारताच ते शिकले.

साधने नाहीत, ही सबब आता टिकत नाही. चालू लॅबमध्ये विद्यार्थ्याला रूट पासवर्ड देणे धोक्याचे, हे खरे. पण मिनिनेट या सॉफ्टवेअरमध्ये डझनभर राउटरांचे नेटवर्क एका साध्या लॅपटॉपवर उभे राहते. एमआयटीने शिकवण्यासाठी तयार केलेली ‘एक्सव्ही६’ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम क्यूईएमयू या एम्युलेटरवर चालते आणि तिचा कोड एका सत्रात वाचून होतो. हे सारे मोफत आहे. मुलांनी त्यात काहीही मोडले तरी कोणाचे नुकसान होत नाही. कमतरता आहे ती शिक्षकाला या कामासाठी मोकळा वेळ देण्याची आणि परीक्षा बदलण्याच्या तयारीची.

विद्यापीठांनी सुरुवात परीक्षेपासूनच करावी. जुन्या निबंधातला प्रयोग पुन्हा करून त्याचे निष्कर्ष पडताळणाऱ्या किंवा आपल्याच संस्थेचे नेटवर्क महिनोन्‌महिने मोजणाऱ्या कामाला प्रबंध म्हणून पूर्ण मान द्यावा. आणि व्हायव्हाला व्याख्या विचारणे थांबवावे. बहिस्थ परीक्षकाने चालत्या नेटवर्कमध्ये एक बिघाड करून ठेवावा, विद्यार्थ्याला दोन तास द्यावेत आणि तो काय मोजतो, कुठला तर्क सोडतो, कुठला धरतो, हे शेजारी बसून पाहावे. बँका, रेल्वे आणि रुग्णालये ज्या यंत्रणांवर चालतात, त्या उद्या याच मुलांच्या हाती द्यायच्या आहेत. परीक्षा त्या कामाचीच घेतली पाहिजे.