बिंदू वर, स्वर खाली

नरखेड तालुक्यातल्या मोवाडला वर्धा नदी ओलांडली की वरुड तालुका लागतो. त्यापुढे मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर. महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला तेव्हा कवयित्री महदाइसेने धवळे, म्हणजे लग्नगीते, गायिली ती तिथे, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्या धवळ्यांचे शब्द महानुभावांच्या पोथ्यांनी जपले. चाल कोणी लिहून ठेवली नाही.

आज हे आठवण्याचे कारण म्हणजे ‘सातशे वर्षांपूर्वीचे संगीत’ अशी जाहिरात करून होणारे प्रयोग. अशाच एका कार्यक्रमात आम्ही धवळे ऐकले, यमनात आणि केरव्यात. चरण लहानमोठे, ते आठ मात्रांत बसेनात. मग कुठे अक्षर ताणले, कुठे गिळले. गाणारीचा गळा गोड होता, तक्रार त्याबद्दल नाही.

काही जण देवगिरीच्या शार्ङ्गदेवाचे बोट धरतात. त्याचा ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ त्याच शतकातला आणि त्यात स्वरलेखन आहे, हे खरे. पण भातखंडे पद्धतीत मुरलेल्या डोळ्यांनी ते वाचले की घात होतो. शार्ङ्गदेव बिंदू देतो मंद्र स्वराच्या डोक्यावर. तार स्वरावर उभी रेघ. आपण वरचा बिंदू पाहून थेट तार सप्तकात चढतो आणि दोन सप्तके चुकतो! त्याचे शुद्ध गंधार-निषादही बिलावलचे नव्हेत, आपल्या काफीतल्या कोमल स्वरांच्या जवळचे.

गंमत पुढेच आहे. याच ग्रंथात ‘धवल’ नावाचा प्रबंध येतो: आशीर्वादाचा, चार, सहा किंवा आठ चरणांचा. लक्षण सांगून झाल्यावर शार्ङ्गदेव म्हणतो, लोकांत रूढ असेल तसाही तो गावा. श्रुतींचा हिशेब दोन वीणा लावून सिद्ध करणारा हा काटेकोर माणूस. त्याने इथे दार उघडे ठेवले, तर आपण रागाची कडी का घालावी?

म्हणून पेटी उघडण्याआधी हळदीच्या मांडवात जाऊन बसा. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची, हे गाणे तेराव्या शतकातले आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण लहानमोठी ओळ श्वासावर कशी तोलतात ते तिथे कळते. आणि कार्यक्रमपत्रिकेत दोन गोष्टी छापा: शब्द कोणत्या पोथीतले, चाल कोणाची. तुमची असेल, तर तुमचे नाव घाला.